फिरोजभाईंचं शेवटचं कडवं आणि चिचटोल्याचा वन्स मोर

आमच्या पुरवणीच्या संपादकांनी मला रॉक संगीतावर लिहायला सांगितलं, ते माझा त्या विषयाचा व्यासंग पाहून नव्हे. बल्लारपूरला जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी संस्कृतात एम.ए. आहे. बातमीदारीत आल्यापासून पीकपाणी, जिल्हा परिषद आणि अधूनमधून कीर्तनमहोत्सव एवढंच माझ्या वाट्याला येतं. गिटारबद्दल माझं ज्ञान इतकंच होतं की ती वाजवणाऱ्याचे केस लांब असतात. फिरोजभाईंना भेटल्यावर तेही गेलं, कारण त्यांना केसच नाहीत.

पुरवणीत तीनशे शब्द छापून आले. उरलेला प्रवास इथे लिहितो. ब्लॉगला जागेचं भाडं पडत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदच्या दशकात नागपुरात 'थर्ड शिफ्ट' नावाचा बँड होता. बल्लारपूरच्या पेपरमिलच्या वस्तीतला फिरोज गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा. पलीकडे वैनगंगेकाठच्या चिचटोला गावचा केवळराम ड्रम वाजवायचा. दोघं नागपुरात एकाच खोलीत राहत. त्यांनी दोन कॅसेट काढल्या आणि कॉलेजांच्या फाटकांवर स्वतः उभं राहून विकल्या. कुठल्याही कंपनीच्या आश्रयाशिवाय आपलं आपण वाजवणाऱ्याला 'इंडी' म्हणतात, असं मला या निमित्तानं कळलं. आपल्याकडे याला पूर्वी हौशी म्हणत.

दुसऱ्या कॅसेटनंतर बँड मोडला. फिरोजभाई बल्लारपूरला परतले आणि वडिलांच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात बसले. आता चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी एकट्यानं अल्बम काढला आहे. नाव 'भोंगा'. फेब्रुवारीत नागपुरात त्याचा कार्यक्रम ठरला होता, आणि मी त्याची माहिती विचारायला फोन केला होता.

"कार्यक्रम होईन का नाई ते शनवारी समजीन सर," फिरोजभाई म्हणाले. "ड्रमर नाई हाय. आनाले जाऊन राह्यलो. येता का?"

मला वाटलं, ड्रम आणायला जात आहेत. माणूस आणायचा आहे हे तिथे गेल्यावर कळलं.

शुक्रवार: नागपूर ते बल्लारपूर

गणेशपेठच्या स्टँडवरून चंद्रपूरची एसटी दर अर्ध्या तासाला सुटते. भाडं शंभराच्या आत, वेळ चार तास, त्यात वरोऱ्याचा चहा धरलेला आहे. वरोऱ्यापासून हवेत कोळसा सुरू होतो. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, आणि गेलात तर परतताना तो पांढरा असल्याचं कोणाला सांगत बसू नका. चंद्रपुरात जटपुरा गेटमधून गाडी जाताना ड्रायव्हर क्षणभर श्वास रोखून धरतो. गोंड राजांनी दरवाजा बांधला तेव्हा एसटीची रुंदी विचारात घेतलेली दिसत नाही.

वाचकांपैकी निम्मे लोक विचारतील म्हणून आताच सांगतो: ताडोब्याला गेलो नाही, वाघ दिसला नाही.

चंद्रपुरातून बल्लारपूर काळीपिवळीनं अर्ध्या तासावर. उतरताच मिलचा वास येतो. त्याचं वर्णन नऊ रसांपैकी फक्त बीभत्सात बसतं. दुसऱ्या दिवशी तो येईनासा होतो, आणि तेव्हा आपण स्थानिक झालो असं समजायचं.

फिरोजभाईंचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत. दुकानावरच्या खोलीत अल्बम झाला. भिंतींना गाद्या लावल्या आहेत, खिडकीला रजई. तरीही मिलचा भोंगा आत येतोच. प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे तो आहे. पहिले काही महिने त्यांनी तो टाळून गायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि अल्बमला त्याचंच नाव दिलं.

सगळी वाद्यं त्यांनी स्वतः वाजवली आहेत. ड्रम मात्र कॉम्प्युटरचा. आणि शेवटच्या 'रिकामं स्टूल' या गाण्यात ड्रमच नाही. आठ मिनिटांचं गाणं आहे. ते त्यांनी मला तिथंच ऐकवलं. पहिलं कडवं असं:

*भोंगा वाजे, वस्ती जागे*
*बाप सायकल काढे*
*शिळ्या भाकरीसंग माय*
*डब्यात सकाळ वाढे*

मग रेल्वे फाटकापाशी डबे बडवणारी पोरं येतात, मग नागपूरची खोली, मग बराच वेळ गिटार. आणि अगदी शेवटी लांबलचक कडवं. त्यात केवळरामचं नाव आहे, चिचटोल्याचं नाव आहे, कॅसेटचा किस्सा आहे आणि 'चुकलो' हा शब्द तीनदा आहे.

किस्सा असा. दुसऱ्या कॅसेटचं रेकॉर्डिंग अर्ध्यावर आलं आणि दिवाळी आली. दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे वैनगंगेकाठच्या मुलखातल्या, नाटकांचा हंगाम. केवळराम आपले ड्रम वाजवून मोकळा झाला आणि नाटकात वाजवायला गावी निघून गेला. फिरोजभाईंना तो अपमान वाटला. त्यांनी कॅसेटच्या वेष्टनावरून त्याचं नाव काढून टाकलं. ड्रम राहिले, नाव गेलं. त्यानंतर दोघांचं बोलणं ईद आणि दिवाळीच्या मेसेजपुरतं.

"सीडी पाठवली होती त्याले," फिरोजभाई म्हणाले. "म्हणते, मायापाशी प्लेयर नाई. आमच्या गावच्या मंडपात येऊन गा, तिथीच ऐकतो. मंग नागपूरचं सांगतो."

"मग फोनवर 'चुकलो' म्हणून टाकायचं."

"फोनवर? फोनवर कसं म्हणणार सर?"

रेहानाभाभी, म्हणजे फिरोजभाईंच्या पत्नी, ताटं वाढत होत्या. त्या उर्दू शाळेत गणित शिकवतात. "सर, याह्यले समजवा. एक शब्द बोलाचा हाय, त्याच्यासाठी आठ मिनिटाचं गाणं लिव्हलं. आठ मिनिटात माहा कुकर होते."

मुक्काम चंद्रपुरात केला तर अडीचशे रुपयांत बरी खोली मिळते. मी गाद्या लावलेल्या खोलीत झोपलो. भोंगा वेळेवर ऐकू आला.

शनिवार: बल्लारपूर ते चिचटोला

तुम्हाला रेल्वेनं जायचं असेल तर बल्लारशाहहून गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर पकडा आणि वडशाला उतरा. भाडं चहा-भज्यांच्या खर्चापेक्षा कमी आहे, जंगल खिडकीतून आत येतं, आणि घाईत असाल तर जाऊ नका. आम्ही फिरोजभाईंच्या जुन्या व्हॅननं गेलो. मागे अँप्लिफायर, दोन गिटारी आणि एक रेडिएटर. तो वाटेत मूल गावच्या एका गिऱ्हाइकाला द्यायचा होता.

मूलपर्यंत सागाचं जंगल. जानेवारीत पानं वाळलेली असतात, पापडासारखी मोठी, आणि गाडी गेली की रस्त्यावर सरपटतात. मूलनंतर धानाचा मुलूख. कापणी होऊन गेलेली, बांध्यांमध्ये लाखोळी डाळीचं हिरवं पीक, जागोजाग धानाचे पुंजणे, म्हणजे गंजी, घरांएवढे उंच. सिंदेवाहीला भाताचं संशोधन केंद्र आहे आणि समोरच्या खानावळीत भात चांगला मिळतो. या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, झिंग्यांची चटणी आणि लागेल तितका भात, वीस-पंचवीस रुपयांत. फिरोजभाईंनी काही खाल्लं नाही. ते गाडीत बसून ओठातल्या ओठात शेवटचं कडवं म्हणत होते.

"पाठ नाही का?" मी विचारलं.

"पाठ हाय. तिथी गेल्यावर राहीन का नाई, ते पाहून राह्यलो."

ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पुलाच्या टोकाला पोलीस होते. शिपायानं गिटारीची पेटी उघडायला लावली, आत पाहिलं, मग विचारलं, "कुठी कार्यक्रम?"

"चिचटोल्याले. नाटकाच्या आंधी."

"आंधी कोणी पाहत नाई," शिपाई म्हणाला आणि पेटी बंद केली.

वडशाला आवर्जून थांबा. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, जशी इतर गावांत खतांची दुकानं असतात. बाहेर रडणाऱ्या नायिकांची मोठमोठी पोस्टरं. 'धाकटी जाऊ, थोरलं दुःख'. 'जावई निघाला जिल्हाधिकारी'. हंगामात एकेक कंपनी रोज नव्या गावी खेळ करते. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असला की नाटक हवंच. पाहुणे येतात, मुलींची स्थळं जमतात, आणि रात्रभर तिकीट काढून लोक रडतात. फिरोजभाई गाडीतून उतरून ती पोस्टरं बराच वेळ पाहत राहिले. ते इथून दीडशे किलोमीटरवर जन्मले, वाढले. आयुष्यात झाडीपट्टीचं एकही नाटक त्यांनी पाहिलेलं नाही. बल्लारपूरच्या कामगार वस्तीत कव्वाली होती, तेलुगू सिनेमा होता, व्हिडिओ होता. नाटक खेड्यातलं.

चिचटोल्यात पोचलो तेव्हा पट संपत आला होता. धूळ, बैलांच्या शिंगांना गुलाल, पाळणे, जिलेबी. केवळराम मंडपाच्या दारात उभा होता. ठेंगणा, शांत, गळ्यात मफलर. बारा-पंधरा वर्षांनी भेटणाऱ्या दोन मित्रांत पुढील संवाद झाला.

"रस्ता बराबर होता?"

"मूलपासून खराब हाय."

"हाव. तिथी खराबच हाय."

मग त्यांनी मिळून अँप्लिफायर उतरवला.

मंडप म्हणजे बांबू आणि कापडाचं बंदिस्त आवार, त्यात खरा रंगमंच, रंगवलेले पडदे, जनरेटर. खुर्चीचं तिकीट पन्नास, खाली बसायचं वीस. खाली बसणारे घरून पोतं, चादर आणि म्हातारी माणसं घेऊन येतात. रंगमंचाच्या पुढे एका बाजूला खड्ड्यासारखी जागा करून तिथे ऑर्गन, तबला आणि केवळरामचे ड्रम. मी वीसचं तिकीट काढलं. बातमीदाराला फुकट मिळालं असतं, पण खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत एकसारखे मफलर घातलेले तीन दणकट इसम बसले होते आणि त्यांच्याशेजारीच जागा शिल्लक होती. मला खालीच बरं वाटलं.

सातला मंडळाचे अध्यक्ष गोविंदाभाऊ माइकवर आले. "नाटकाच्या आंधी एक गानं हाय. गायक, बल्लारपूरचे फिरोजभाई. ड्रमवर, आपल्याच गावचे, आपल्या मातीचे केवळराम."

केवळराम हाताची घडी घालून बसला होता. त्यानं काठ्या हातात घेतल्या नाहीत. या गाण्यात ड्रम नाही हे त्याला कसं माहीत, असा विचार माझ्या मनात आला, आणि बातमीदाराच्या मनात येणाऱ्या बहुतेक विचारांप्रमाणे निघून गेला.

फिरोजभाईंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. भोंगा वाजे, वस्ती जागे. मंडप शांत झाला. मला धास्ती होती की लोक उठून जिलेबीकडे जातील. कोणी उठलं नाही. डब्यात सकाळ वाढे, इथे पोचले, आणि पुढच्या रांगेतून त्या तीन मफलरांनी एका आवाजात आरोळी दिली, "वन्स मोर."

मागून शिट्ट्या आल्या. मग सगळा मंडप, "वन्स मोर."

फिरोजभाईंना आनंद झालेला दिसला. त्यांनी मान लववली आणि दुसरं कडवं सुरू केलं.

हा अपराध किती मोठा आहे याची मला कल्पना नव्हती. मंडपात एकदम गलका झाला. "ए भाऊ, बहिरा हायेस का?" असं कोणीतरी खरोखर विचारलं. गोविंदाभाऊ धावत रंगमंचावर आले, त्यांनी गिटारीच्या दांड्यावर हात ठेवला आणि गाणं थांबवलं.

"फिरोजभाई, लोकायनं वन्स मोर देल्ला. तुमी पुढं कसे चालले?"

"गानं तं होऊ द्या पुरं."

"पुरं कसं होईन? वन्स मोर देल्ला ना. सुरूपासून घ्या."

माझ्या शेजारी पोत्यावर एक आजोबा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मला रीत समजावली. इथं गाणं आवडलं की संपायची वाट पाहत नाहीत. जिथं आवडलं तिथंच थांबवायचं, गाणाऱ्यानं पहिल्यापासून म्हणायचं. वन्स मोर डावलून पुढे जाणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं.

"पण मग गाणं संपतं कधी?"

"नाटक सकाळपावतर चालते," आजोबा म्हणाले. "घाई कोणाले हाय?"

अलंकारशास्त्रात पुनरुक्ती हा दोष सांगितला आहे. ते शास्त्र लिहिणारे या बाजूला आले नसावेत.

गोविंदाभाऊंनी माइक घेतला. रीतीप्रमाणे प्रत्येक वन्स मोरला कलावंतांची नावं पुन्हा पुकारतात. "वन्स मोर. गायक, बल्लारपूरचे फिरोजभाई. ड्रमवर, आपल्याच गावचे, आपल्या मातीचे केवळराम." मंडपानं टाळ्या वाजवल्या. आणि वन्स मोर उचलायचा तर ठेका हवाच, त्याशिवाय लोकांना कळत नाही की आता पुन्हा पहिल्यापासून. म्हणून केवळराम पुढे वाकला, काठ्या घेतल्या आणि एक छोटासा घाव देऊन गाणं फिरोजभाईंच्या हातात दिलं.

दुसऱ्यांदा पहिलं कडवं ड्रमसकट झालं. ते गाणं बदललं, एवढं मलासुद्धा कळलं. बाप सायकल काढे म्हणताना आता ती सायकल चालू लागली. पुन्हा वन्स मोर. पुन्हा नावं. पुढे रेल्वे फाटकाच्या कडव्यापर्यंत पोचले. केवळरामनं ड्रमच्या कडेवर काठी आपटून डब्यांचा आवाज काढला, आणि बायकांमधून वन्स मोर आला. नावं पुकारली, सुरूपासून. फिरोजभाईंनी आता डोळे उघडले होते. ते केवळरामकडे पाहून वाजवत होते, आणि मधूनच हसत होते. नागपूरच्या खोलीच्या कडव्यावर मंडपाचा उत्साह जरा उतरला, तशी त्या तीन मफलरांनीच आरोळी दिली. लोकांनी संकोचून साथ दिली. नावं पुकारली, सुरूपासून.

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी फिरोजभाई एकदा पोचले. लांब गिटार संपवून त्यांनी श्वास घेतला, माइकजवळ गेले, आणि पुढची रांग ओरडली. गोविंदाभाऊंनी घड्याळ पाहिलं. नावं पुकारली आणि म्हणाले, "आता वेळ झाली. नाटकाचा पडदा उघडून राह्यला. फिरोजभाईले टाळ्या."

टाळ्या जोरात झाल्या. फिरोजभाई गिटार घेऊन तसेच उभे होते, तोंड अर्धवट उघडं. पडदेवाल्यांनी त्यांना हलक्या हातानं बाजूला घेतलं, कारण त्यांच्या जागी धाकट्या जावेचं न्हाणीघर मांडायचं होतं.

मी नाटकाचे दोन अंक पाहिले आणि केवळरामच्या ओसरीवर जाऊन झोपलो. फिरोजभाई पूर्ण नाटक पाहायला बसले.

रविवार: ओसरीवर

सकाळी केवळराम वाजवून परतला. डोळे लाल, मफलर तोच. घरच्या बाईंनी चहा दिला. फिरोजभाई आधीच तिथे बसलेले होते. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि कोंबड्या त्याची तपासणी करत होत्या.

"केवळ्या," फिरोजभाई म्हणाले, "शेवटचं कडवं राह्यलं."

"मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"कडवं. सीडी ऐकली मी."

"तू तं म्हणत होता, प्लेयर नाई."

"मायापाशी नाई. नाटक कंपनीच्या गाडीत हाय."

फिरोजभाईंनी कप खाली ठेवला. "आन् ते पुढं तिघं बसले होते..."

"साळे हायेत माहे. मीच सांगतलं होतं त्याह्यले. गानं त्या कडव्यापावतर जाऊ द्याचं नाई म्हून."

"काऊन बे?"

केवळरामनं चहा बशीत ओतला. तो बोलायला वेळ घेणारा माणूस आहे. "तुही ती कॅसेट गावात पंधरा-वीस घरात होती. मीच सांगतलं होतं सगळ्यायले, माहं नाव येनार हाय म्हून. लोकायनं उलटून पाह्यली, सुलटून पाह्यली. सालभर इचारत होते, काऊन रे केवळराम, तूच वाजवलं ना? मंग हळूहळू इसरले. आता तू माइकवर माह्या नावानं माफी मांगशीन, तं उद्यापासून पुन्हा चालू. काय झालतं, कसं झालतं. आन् सगळ्या गावासमोर मांगली तं मले माफ कराच लागते. मले इचारलं का तू?"

मी माझ्या चहात लक्ष घातलं. त्यात पाहण्यासारखं फार नव्हतं.

"मंग बलावलं कायले?" फिरोजभाईंनी विचारलं.

"काल मंडपात माहं नाव कितीक डाव झालं?" केवळराम म्हणाला. "तुह्या नावासंग. प्रत्येक डाव. गावानं पोटभर ऐकलं. मले तेच पाह्यजे होतं."

बाई आतून म्हणाल्या, "आता नागपूरचं तं सांगा त्याह्यले. रातभर झोपले नाई ते."

"नागपूरले येतो. होळीच्या बादमधी. सीझन सोडून नाई. आन् ते कडवं काढ."

"गानंच त्या कडव्यासाठी लिव्हलं मी."

"मंग ड्रमची मशीन लाव," केवळराम म्हणाला, आणि झोपायला गेला.

परतीची वाट

चिचटोल्याहून नागपूरला यायचं तर ब्रह्मपुरीहून नागभीड, उमरेडमार्गे एसटी सोयीची, तीन-साडेतीन तास. फिरोजभाईंनी मला ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सोडलं. बस यायला अवकाश होता. आम्ही चहा घेतला.

"सर, तुमी कविता शिकले. शेवटचं कडवं काढलं तं गानं राहते का?"

मी म्हटलं, संस्कृतात कित्येक काव्यं अपुरी राहिली आहेत आणि अभ्यासक त्यांच्यावर शेकडो वर्षं जगले आहेत.

"ते अभ्यासकाचं झालं," फिरोजभाई म्हणाले. "गानाऱ्याचं सांगा."

गाणाऱ्याचं मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी चहावाल्याकडे पाठ केली, मोबाइल काढला आणि नागपूरच्या सभागृहवाल्याला फोन लावला. "फेब्रुवारीचं रद्द करा. होळीनंतर कोणता शनवार खाली हाय ते पाहा." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. फिरोजभाई "हाव, हाव" म्हणत ऐकत राहिले. कडव्याचं ते काही बोलले नाहीत. माझी बस लागली.

नागपुरात आलो, शर्ट भिजत घातला, तीनशे शब्द लिहिले. संपादकांनी विचारलं की यात रॉक कुठे आहे. मी म्हटलं, होळीनंतर आहे.

घरी मी 'भोंगा' बऱ्याचदा ऐकतो. माझी त्या संगीतातली गती वाढली असं म्हणवत नाही. बायको म्हणते की मी आता मांडीवर चुकीचा ताल धरतो, पूर्वी धरत नव्हतो. शेवटचं कडवं सीडीवर आहे तसंच आहे. चांगलं लिहिलेलं आहे. मात्र ते लागलं की मला अंगणातलं धान आणि बशीतला चहा आठवतो, आणि आपण कोणाचं तरी पत्र उघडून वाचत आहोत असं वाटून मी बंद करतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवासाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी त्यांना वडशाची पोस्टरं सांगतो, सिंदेवाहीचा भात सांगतो, वाघ नाही म्हणून सांगतो. हे मात्र सांगायला जमत नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

परवा फिरोजभाईंचा फोन आला. कंपनीला एक दिवस सुट्टी होती तेव्हा केवळराम बल्लारपूरला येऊन गेला. दोघांनी गाद्या लावलेल्या खोलीत दिवसभर वाजवलं. रेहानाभाभींनी त्याला आग्रहानं जेवू घातलं आणि जुन्या विषयावर कोणी काही बोललं नाही.

"मग 'रिकामं स्टूल'चं काय केलंत?" मी विचारलं. "शेवटी काय म्हणता?"

"शेवटी मी काईच म्हणत नाई सर. गिटार खाली ठेवतो. ते कडवं होतं ना, तितक्या जागेत तो एकटा वाजवते."

"किती वेळ?"

"त्याची मर्जी," फिरोजभाई म्हणाले.